चेहऱ्यावर सुया टोचून घेण्याआधी : सोलापूरकरांसाठी मायक्रोनीडलिंगची पायरीपायरीनं माहिती

मुरूम जातात, खड्डे राहतात. मग कुणीतरी सांगतं, "सुया मारून घे, चार सिटिंगमध्ये चेहरा साफ." त्यातलं सुयांचं खरं आहे. "साफ" हा शब्द मात्र सोडून द्या. मायक्रोनीडलिंगनं खड्डे उथळ होतात, कडा मऊ पडतात, उघडी छिद्रं थोडी मिटल्यासारखी दिसतात. चेहरा गोरा होत नाही आणि खड्डा मुळापासून नाहीसा होत नाही.

यामागचं काम साधं आहे. बारीक सुया त्वचेत शेकडो सूक्ष्म छिद्रं पाडतात आणि शरीर त्याला जखम समजून डागडुजीला लागतं. रक्तातल्या प्लेटलेट्स वाढीचे घटक सोडतात, त्यांच्या हाकेनं पेशी नवं कोलॅजन विणायला घेतात. हे कोलॅजन आधी कच्चं असतं, पक्कं व्हायला कित्येक महिने लागतात. म्हणून दहाव्या दिवशी दिसणारी चमक म्हणजे बहुतेक सूजच असते. खरा फरक तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात कळतो.

सुई चालवणं यातलं सगळ्यांत सोपं काम आहे. कुठल्या त्वचेवर चालवायची, कुठल्या महिन्यात आणि नंतर ऊन कसं चुकवायचं, यावर निकाल ठरतो.

१. आधी आपले खड्डे ओळखा

दिवसा खिडकीशी उभे राहा आणि उजेड एका बाजूनं गालावर पडू द्या. समोरच्या ट्यूबलाइटमध्ये खड्डे लपतात, आडव्या उजेडात सावली धरतात. आता दोन बोटांनी गालाची कातडी हलकेच ताणा.

ताणल्यावर खड्डा जवळजवळ नाहीसा होत असेल, तोंड चार-पाच मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असेल आणि कडा लाटेसारख्या उतरत्या असतील, तर तो लाटेरी खड्डा, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत रोलिंग स्कार. याला सुया मानवतात. पण खड्ड्याच्या तळाला आतून धागे ओढून धरत असतील, तर आधी ते कापावे लागतात. त्या प्रक्रियेला सबसिजन म्हणतात. धागे तसेच ठेवून वरून कितीही सुया चालवल्या तरी तळ वर येत नाही. "चार सिटिंग झाल्या, काहीच फरक नाही" या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं.

कडा उभ्या, तळ सपाट, देवीच्या वणासारखा गोल किंवा लांबट खड्डा म्हणजे बॉक्सकार. उथळ असेल तर सुयांनी बरा होतो, खोल असेल तर अर्धवटच.

तोंड दोन मिलिमीटरपेक्षा लहान, पण खोली भरपूर, जणू दाभणानं टोचल्यासारखा, तो आइस पिक. नुसत्या सुयांनी याचं फारसं काही होत नाही. त्यासाठी भोकाच्या तळाशी टीसीए नावाचं तीव्र आम्ल टोकदार काडीनं ठिपक्यासारखं लावतात. हे काम त्वचारोगतज्ज्ञांचंच. या पद्धतीला क्रॉस म्हणतात.

बहुतेकांच्या गालावर हे तिन्ही प्रकार एकत्र असतात. सगळ्यांना एकच पॅकेज सांगणाऱ्या ठिकाणी म्हणूनच जरा सावध राहा.

एक गोष्ट नेहमी गोंधळात टाकते. मुरमाच्या जागी उरलेला तपकिरी किंवा काळा डाग म्हणजे खड्डा नव्हे. बोट फिरवल्यावर सपाट लागत असेल तर तो रंगाचा डाग. सनस्क्रीन आणि साध्या क्रीमनं काही महिन्यांत तो फिका होतो, त्यासाठी सुयांचा खर्च नको. गालांवरचा वांग हा तिसराच प्रकार. त्यात ट्रॅनेक्सॅमिक अॅसिडसोबत उथळ सुया वापरतात, पण हात जड पडला तर वांग आणखी गडद होतो.

२. तुम्ही यात बसता का, ते पाहा

चेहऱ्यावर पू भरलेले ताजे मुरूम असतील तर थांबा. सुई एका मुरमातले जंतू दुसरीकडे नेते. आधी मुरूम आटोक्यात आणायचे, खड्ड्यांचं नंतर.

चपट्या चामखिळी असतील तर सुयांचा रोलर त्या रांगेनं पेरत जातो. कोड, सोरायसिस आणि लायकेन प्लेनस या आजारांत तर जिथं टोचलं तिथं नवा चट्टा उठू शकतो. घरात कुणाला कोड असेल तरी डॉक्टरांना सांगा.

कान टोचल्यावर गाठ आली होती का? लसीचा वण जाड झाला आहे का? जखमांवर केलॉइड, म्हणजे जाड फुगलेला व्रण, होण्याचा हा इशारा असतो. ज्यांच्या ओठांवर वारंवार "ताप उतू" जातो, पुरळ येते, त्यांना नागीण जातीचा विषाणू असतो. सुयांनी तो पूर्ण चेहऱ्यावर उसळू शकतो. अशा वेळी आधीपासून विषाणूरोधक गोळ्या सुरू करतात.

मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेत असाल किंवा नुकतंच थांबवलं असेल तर तारीख सांगा. पूर्वी गोळी बंद केल्यावर सहा महिने थांबायला लावत. आता पुष्कळ तज्ज्ञ तेवढं थांबत नाहीत, पण तो निर्णय तपासणाऱ्याचा, तुमचा किंवा पार्लरचा नव्हे.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, आटोक्यात नसलेली साखर, गरोदरपण, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं हे सगळं पहिल्याच भेटीत सांगायचं. हृदयासाठी चालू असलेली गोळी आपल्या मनानं बंद करू नका. चेहऱ्याचं काम पुढं ढकलता येतं.

सगळ्यांत लपवली जाणारी गोष्ट म्हणजे "गोरं करणारी" क्रीम. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या अशा ट्यूबमध्ये पुष्कळदा स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन एकत्र असतं. महिनोन्महिने लावल्यावर त्वचा पातळ, लाल आणि चिडकी होते. अशा त्वचेवर सुया चालवल्या की जखम उशिरा भरते आणि डाग पडतात. ट्यूब घरी न विसरता सोबत न्या. नाव आठवत नाही म्हणून "साधीच क्रीम होती" असं सांगू नका.

३. महिना निवडा

पुस्तकी सल्ला सगळीकडे सारखा असतो, "ऊन टाळा". सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि सकाळी नऊलाच डोळे दिपतात, तेव्हा हा सल्ला पाळायचा कसा? आपली त्वचा गव्हाळ ते सावळी. जखमेनंतर ती पटकन काळी पडते. सुयांनी डाग पडण्याचा धोका अनेक लेझरपेक्षा कमी हे खरं, पण कोवळ्या त्वचेला उन्हात घेऊन फिरलात तर तो फायदा गेला.

सोपा हिशोब असा. पहिली सिटिंग ऑक्टोबरच्या शेवटी किंवा दिवाळी आटोपल्यावर, पुढच्या चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं आणि शेवटची फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत नवीन काही सुरू करू नका. पावसाळ्यात करता येतं. ढगांतूनही अतिनील किरणं येतात, त्यामुळे सनस्क्रीन सुटत नाही. शिवाय दमट हवेत घामोळं आणि बुरशी यांच्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

सणांची तारीखही मोजा. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, होम मैदानावरची धूळ आणि गर्दी. तिच्या आधीच्या सात दिवसांत सिटिंग घेऊ नका. गणपतीचा आणि मिरवणुकांचा गुलाल, रंगपंचमीचा रंग यांच्याआधी किमान दोन आठवडे मोकळे ठेवा. उघड्या छिद्रांतून रंगाची पूड आत गेली तर ती कायमचीच राहू शकते. गोंदण असंच तर करतात.

घरात लग्न असेल तर उलटीकडून मोजा. नवरा-नवरीची शेवटची सिटिंग हळदीच्या किमान सहा आठवडे आधी, आणि कोलॅजनला वेळ द्यायचा तर तीन महिने आधी. मे महिन्यातल्या मुहूर्तासाठी एप्रिलमध्ये धावत येणाऱ्यांना चांगला डॉक्टर नाही म्हणतो. त्याचा राग मानू नका.

४. माणूस निवडा, मशीन नंतर

पाटीवर एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल आहे का आणि ती पदवी त्वचारोगाचीच आहे का, ते पाहा. "कॉस्मेटोलॉजिस्ट", "स्किन एक्सपर्ट", "एस्थेटिशियन" या शब्दांवरून डॉक्टरकी ठरत नाही. नोंदणी क्रमांक विचारा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर पडताळा. विचारायला संकोच वाटत असेल तर चिठ्ठीच्या डोक्यावर पाहा, तिथं तो छापलेला असतो.

सात रस्ता, होटगी रोड, रेल्वे लाइन्स, जुळे सोलापूर या भागांत खासगी दवाखाने भरपूर आहेत. नुसतं निदान करून घ्यायचं असेल, तर डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल, तिथं त्वचारोगाची ओपीडी आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. कुठल्या प्रकारचे खड्डे आहेत, मुरूम आटोक्यात आहेत का, आणि सुया लागतातच का, एवढं तिथं कळलं तरी पुढचे चुकीचे पैसे वाचतात.

दवाखान्यात हे प्रश्न विचारा :

सुया स्वतः डॉक्टर चालवणार की मदतनीस?
टिप नवी, सीलबंद, माझ्यासमोर फोडणार का?
माझ्या खड्ड्यांसाठी सबसिजन किंवा क्रॉस लागेल का?
सांगितलेल्या पैशांत टिप, बधिर करायची क्रीम आणि नंतरची तपासणी धरली आहे का?
काही बिघडलं तर रविवारी कुणाला फोन करायचा?

शेवटच्या प्रश्नाला नीट उत्तर मिळालं नाही तर दुसरं दार गाठा. सहा सिटिंगचे पैसे एकदम भरायची घाई करू नका. "आजच भरलं तर निम्म्यात" अशी सवलत एका सिटिंगनं तुमच्या त्वचेचा स्वभाव कळायच्या आतच तुम्हाला बांधून टाकते.

पार्लरमधल्या "मायक्रोनीडलिंग फेशियल"बद्दल स्पष्ट सांगायचं तर, रक्त काढणारी कुठलीही गोष्ट पार्लरमध्ये करू नका. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात परवाना नसलेल्या एका स्पामध्ये "व्हॅम्पायर फेशियल", म्हणजे सुया मारून आपल्याच रक्तातला भाग चेहऱ्याला लावणं, करून घेतलेल्या महिलांना एचआयव्हीची लागण झाली. तिथल्या रोगनियंत्रण संस्थेनं, सीडीसीनं, २०२४ मध्ये तिचा अहवाल दिला. तपासात एकदाच वापरायच्या वस्तू पुन्हा वापरलेल्या आणि रक्ताच्या नळ्या नावाविना ठेवलेल्या आढळल्या.

५. रोलर, पेन, आरएफ : फरक काय

१९९७ मध्ये कॅनडातल्या दोन डॉक्टरांनी शाई न भरलेलं गोंदणाचं मशीन व्रणांवर चालवून पाहिलं. पुढं दक्षिण आफ्रिकेच्या डेझमंड फर्नांडिस यांनी सुयांचा रोलर प्रचारात आणला. नेहमीच्या वैद्यकीय रोलरवर १९२ सुया असतात. तो स्वस्त पडतो, पण सुई तिरकी शिरते आणि तिरकीच निघते, त्यामुळे छिद्र जरा ओरखडल्यासारखं होतं. नाकाच्या कडेला, ओठावर, डोळ्यांजवळ तो नीट बसत नाही.

पेनात विजेवर वरखाली होणाऱ्या नऊ, बारा किंवा त्याहून जास्त सुयांची टिप असते. सुई सरळ आत जाते, खोली जागेनुसार बदलता येते. नवख्यांसाठी हाच पर्याय बरा. २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं, एफडीएनं, अशा पेनाला मुरमांच्या खड्ड्यांसाठी परवानगी दिली, तीसुद्धा २२ वर्षं आणि त्यावरच्यांसाठी. सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींना घेऊन येणाऱ्या पालकांनी हे लक्षात घ्यावं. मुरूम अजून येत असतात तोवर खड्डे भरायला घेण्यात अर्थ नाही.

खोलीचा साधारण अंदाज असा. पाव ते अर्धा मिलिमीटर सुई लावलेलं औषध आत नेण्यापुरती. छिद्रं आणि बारीक रेषांसाठी अर्धा ते एक. गालावरच्या खड्ड्यांसाठी दीड ते दोन. कपाळ, नाक आणि डोळ्यांभोवती हाड जवळ असतं, तिथं एकच्या आत. जास्त खोल म्हणजे जास्त गुण, असं नाही. ठरल्यापेक्षा खोल सुईनं रक्त जास्त येतं, कोलॅजन जास्त येत नाही.

आरएफमध्ये, म्हणजे मायक्रोनीडलिंग रेडिओफ्रिक्वेन्सी किंवा एमएनआरएफमध्ये, सुईच्या टोकाशी रेडिओलहरींची उष्णता सोडतात. खोल खड्डे आणि सैल त्वचा यांत ते पेनापेक्षा सरस ठरू शकतं, पण चूक झाली तर टोचण्याबरोबर भाजणंही आलं. एफडीएनं ऑक्टोबर २०२५ मध्ये या मशीनांबाबत इशारा दिला, त्यात भाजणं, व्रण, चेहऱ्यावरची चरबी झिजणं आणि नसांना इजा अशा नोंदी होत्या. ज्या सुयांना टोक सोडून बाकी आवरण असतं त्या आपल्या सावळ्या त्वचेला जास्त सुरक्षित, कारण वरच्या थराला उष्णता लागत नाही. "तुमच्या मशीनच्या सुया इन्सुलेटेड आहेत का?" एवढं विचारा.

ऑनलाइन मिळणारा दोन-तीनशेचा रोलर घरी वापरू नका. सुया लवकर बोथट होतात, टोकं वाकतात आणि मग त्या टोचत नाहीत, फाडतात. उकळत्या पाण्यात घातला तर प्लास्टिक खराब होऊ शकतं, नुसत्या डेटॉलमध्ये बुडवून तो निर्जंतुक होत नाही. बहिणीबहिणींत एकच रोलर फिरवणं म्हणजे कावीळ ब आणि एचआयव्हीला दार उघडं ठेवणं.

६. काय सोबत न्यायचं, काय घरी आणून ठेवायचं

पिशवीत : आधार कार्ड, जुन्या चिठ्ठ्या, चालू गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो, चेहऱ्याला लावता त्या सगळ्या ट्यूब, मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा एचबीए१सीचा ताजा रिपोर्ट, पीआरपी (आपल्याच रक्तातला प्लेटलेट्सचा भाग चेहऱ्याला लावणं) करायचं असेल तर प्लेटलेट्ससह सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी. काही दवाखाने एचआयव्ही आणि कावीळ ब यांची तपासणी मागतात. ती सगळ्यांच्याच सुरक्षिततेसाठी असते, अपमान वाटून घेऊ नका.

घरी : नॉर्मल सलाईनची बाटली आणि निर्जंतुक गॉज, वास नसलेलं साधं मॉइश्चरायझर किंवा पेट्रोलियम जेली, सौम्य फेसवॉश, झिंक ऑक्साइड असलेलं एसपीएफ ५० सनस्क्रीन, उशीचे चार धुतलेले सुती अभ्रे, रुंद काठाची टोपी किंवा छत्री.

संमतीपत्र वाचूनच सही करा. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल आणि मराठी-इंग्रजी मजकूर जड जात असेल, तर समजावून सांगायला लावा. आपल्या गावात त्या भाषा जाणणारा माणूस बहुतेक दवाखान्यांत असतोच.

७. आधीचे पंधरा दिवस

उन्हात काळवंडलेल्या चेहऱ्यानं जाऊ नका. अक्कलकोट रोडच्या कारखान्यात किंवा शेतात उन्हाचं काम असेल तर दोन आठवडे आधीपासून सनस्क्रीन आणि चेहरा झाकणं सुरू करा. ब्लीच, वॅक्सिंग, थ्रेडिंग, केमिकल पील आठवडाभर आधीच बंद. रेटिनॉल, अॅडापॅलीन, सॅलिसिलिक किंवा ग्लायकोलिक अॅसिड पाच-सात दिवस आधी थांबवा. पुरुषांनी दाढी आदल्या दिवशी करावी, त्याच सकाळी नको.

भेटीची वेळ शक्यतो संध्याकाळची घ्या. काम होऊन बाहेर पडेपर्यंत सूर्य कललेला असतो आणि लाल चेहरा रात्रीत निवतो. पंढरपूर-बार्शीहून येत असाल तर परतीच्या एसटीत खिडकीची जागा टाळा. स्वतः दुचाकी चालवत जाऊ नका. हेल्मेटचं मळकं अस्तर गालाला घासणं आणि हेल्मेटशिवाय धुळीत जाणं, दोन्ही वाईट. रिक्षा करा.

८. टेबलावर काय होतं

आधी फोटो काढतात, मग चेहरा धुऊन बधिर करायची क्रीम लावतात. तिच्यात लिडोकेन आणि प्रिलोकेन प्रत्येकी अडीच टक्के असतं. जाड थर देऊन ४५ मिनिटं ते तासभर ठेवावी लागते. वीस मिनिटांत पुसून सुरुवात केली तर दुखणारच, तेव्हा घाई करणाऱ्याला थांबवा. उलट, घरूनच क्रीम लावून वर प्लास्टिक गुंडाळून येऊ नका. जास्त क्रीम, जास्त वेळ आणि बंद आवरण यांनी औषध रक्तात उतरतं. ओठ-नखं निळसर होणं, चक्कर, धाप, कानात आवाज ही त्याची लक्षणं. दिसली तर तिथल्या तिथं सांगायचं.

क्रीम पूर्ण पुसून, जंतुनाशकानं स्वच्छ करून, वर सलाईन फिरवतात. मग एका हातानं कातडी ताणून आडवी, उभी आणि दोन्ही तिरक्या दिशांनी सुई फिरते. गालांवर जास्त फेरे, कपाळावर कमी. चेहऱ्याला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. वरचा ओठ आणि कपाळ इथं बधिर करूनही चुरचुरतं.

थांबायची खूण म्हणजे लालसर त्वचेवर टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके. रक्त ओघळत असेल तर हात जड पडलाय. काहीच लाली नसेल तर खड्ड्यांसाठी काम झालेलंच नाही.

यानंतर काय लावतात, तिकडे लक्ष द्या. उघड्या छिद्रांतून आत जाणारी वस्तू ही इंजेक्शनसारखीच समजायची. निर्जंतुक हायल्युरोनिक अॅसिड किंवा सलाईन ठीक. घरचं व्हिटॅमिन सीचं सीरम, सुगंधी जेल, कोरफडीचा गर, हळद यांतलं काहीही नको. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या तीन महिलांच्या चेहऱ्यावर मायक्रोनीडलिंगनंतर गाठी उठल्याची नोंद झाली. त्यांच्यावर सुयांबरोबर वरून लावायची सौंदर्यप्रसाधनं वापरली होती.

पीआरपी ठरलं असेल तर तुमचंच रक्त काढून, फिरवून, त्यातला प्लेटलेट्सचा भाग लावतात. नळीवर तुमचं नाव तुमच्यासमोर लिहायला लावा. काम झाल्यावर सुयांची टिप धारदार कचऱ्याच्या डब्यात टाकलेली बघूनच उठा. "पुढच्या वेळी तुमचीच वापरू, नाव लिहून ठेवतो" हे मान्य करू नका.

९. पुढचे सात दिवस

पहिली रात्र. चेहरा उन्हात भाजल्यासारखा लाल आणि गरम राहतो. सलाईनमध्ये भिजवलेला थंड गॉज दहा मिनिटं ठेवा, बर्फ थेट लावू नका. नळाचं पाणी दोन दिवस नको. आपल्याकडे पाणी पिंपात साठवलेलं असतं, नाहीतर बोअरचं जड पाणी. ते दोन दिवस चेहऱ्याला उकळून गार केलेलं पाणीच वापरा. दुखलं तर पॅरासिटामॉल चालतं. आयबुप्रोफेन टाळा, कारण ज्या दाहातून कोलॅजन तयार होतं तोच ते दाबतं.

दुसरा दिवस. सूज, विशेषतः डोळ्यांखाली. सौम्य फेसवॉशनं बोटांच्या टोकांनी धुवा आणि टिपून घ्या. सोलापुरी टॉवेल जगात नावाजलेला असला तरी या आठवड्यात गालाला लावायचा नाही, त्याचे फासे खरखरीत असतात. गॉज किंवा जुना मऊ सुती पंचा वापरा. डॉक्टरांनी सांगितलं की सनस्क्रीन सुरू, दोन बोटांच्या लांबीएवढं, दर दोन-तीन तासांनी. लोह ऑक्साइड मिसळलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन दिसणारा प्रकाशही अडवतं, म्हणून डाग पडणाऱ्या त्वचेला ते जास्त चांगलं.

स्वयंपाकघराचं काय? भाकरी थापताना तव्याची धग थेट चेहऱ्यावर येते. तीन दिवस ते काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या. जमत नसेल तर टेबलफॅनचा झोत बाजूनं ठेवून लांबून भाजा. यंत्रमागावर काम असेल तर कापसाचे तंतू आणि घाम दोन्ही त्रास देतात, दोन-तीन दिवसांची रजा त्या कामासाठीच काढा. जिम, पोहणं, वाफ घेणं बंद.

खाण्यापिण्याचं पथ्य नाही. वांगं, आंबट, दही यांचा सुयांशी संबंध नाही. शेंगा चटणीही खा. पहिल्या दिवशी झणझणीत रस्सा खाऊन चेहऱ्याला घाम फुटला तर चुरचुरेल, एवढंच. बिडी-सिगारेट मात्र बंद ठेवा, तिनं जखम भरायला उशीर होतो.

तिसरा ते पाचवा दिवस. त्वचा कोरडी, बारीक कोंड्यासारखी सुटते. ती सोलू नका. जाड मॉइश्चरायझर लावा. मेकअप चौथ्या दिवशी, तोही धुतलेल्या ब्रशनं.

सातव्या दिवसानंतर नेहमीची क्रीम एकेक करून सुरू करा. रेटिनॉल शेवटी.

१०. काय बिघडतं आणि का

समांतर ठिपक्यांच्या रेषा, रेल्वेच्या रुळांसारख्या : गालफड, कानशील अशा हाडावरच्या जागी फार दाब किंवा फार लांब सुई. या खुणा महिनोन्महिने राहतात.

दोन-चार आठवड्यांनी काळसर पट्टे : ऊन, खरडणं, स्टेरॉइड क्रीमनं बिघडलेली त्वचा. घाबरून "गोरं करणारी" ट्यूब पुन्हा लावू नका, डॉक्टरांना दाखवा. पुढची सिटिंग डाग फिका होईपर्यंत थांबवा.

पांढरे बारीक दाणे किंवा नवे मुरूम : जाड तेलकट मलम. पातळ मॉइश्चरायझरवर या.

पू, वाढतं दुखणं, ताप, एकत्र गुच्छानं आलेले पाण्याचे फोड, तीन दिवसांनंतरही वाढत जाणारी लाली : त्याच दिवशी दवाखाना. काही आठवड्यांनी कडक लालसर गाठी उठल्या तर फोटो पाठवून भागवू नका, प्रत्यक्ष दाखवा. प्रसंगी तुकडा काढून तपासावा लागतो.

११. किती सिटिंग, आणि कधी थांबायचं

खड्ड्यांसाठी साधारण तीन ते सहा, चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं. दर आठवड्याला बोलावणारा घाई करतोय. पहिली जखम भरून विणकाम सुरू असतानाच तो ते उसवतो.

फोटो स्वतः काढा. तीच खिडकी, तीच सकाळची वेळ, समोरून एक आणि दोन्ही बाजूंनी एकेक, चेहरा धुतलेला, मोबाइलचा ब्यूटी मोड बंद. आरशात रोज पाहून फरक कळत नाही. तिसऱ्या सिटिंगनंतर महिन्यानं पहिला फोटो शेजारी ठेवून डॉक्टरांसमोर बसा. काहीच हललं नसेल तर चौथ्या सिटिंगचे पैसे देण्याआधी विचारा : खाली धागे आहेत का, सबसिजन करायचं का, आइस पिकवर क्रॉस करायचा का, की खोली वाढवायची? "अजून दोन करून बघू" याशिवाय उत्तर मिळत नसेल तर केसपेपर आणि फोटो घेऊन दुसऱ्या तज्ज्ञाकडे जा. फोटो आणि नोंदींची प्रत मागायला लाजू नका, ती तुमच्याच चेहऱ्याची आहे.